आईला माहीत

मी एका जागी बसणारा माणूस नाही. बायको म्हणते, "जेवताना तरी बूड टेका, भाकरी काही पळून जात नाही." वर्गातही माझी खुर्ची रिकामीच असते, तिच्यावर खडूची खोकी बसतात. अशा माणसाच्या हाती सरकारनं तिसरी-चौथीचा जोडवर्ग दिला आहे, आणि त्या वर्गाला टापटीप शिकवायची जबाबदारीही. हसू येत असेल तर हसून घ्या. मीही हसलो होतो.

शाळा आष्ट्याजवळच्या एका गावात. शिक्षक दोनच: मी आणि मुख्याध्यापिका. त्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणतं. मी सांगलीहून एसटीनं येतो-जातो. आता सांगलीत राहून नाटकाचं वेड नसेल तर शेजारीपाजारी काळजीनं तब्येतीची चौकशी करतात. मलाही वेड आहे. अभिनय मात्र जमला नाही. एकदा हवालदार झालो होतो, तर परीक्षकांनी शेरा दिला की आरोपीपेक्षा हवालदारच जास्त घाबरलेला वाटतो. तेव्हापासून मी पडद्यामागं गेलो आणि प्रॉपर्टी सांभाळू लागलो. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. नाटकात लागणारी प्रत्येक वस्तू. चष्मा, छत्री, कपबशी, पिस्तूल, विषाचा पेला.

हा पेला एकदा ऐनवेळी सापडला नाही. नायिकेनं डोकं चालवलं आणि नवऱ्याला चहाच्या किटलीतून विष पाजलं. नवराही इरसाल. मरता मरता म्हणाला, "आलं जरा जास्त झालंय." त्या शोकांतिकेला इतके हशे मिळाले की लेखक मध्यंतरातच घरी गेला.

त्या दिवसापासून विंगेतल्या टेबलावर मी पांढरा कागद अंथरतो, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवतो आणि तिच्याभोवती पेनानं रेघ ओढतो. चष्मा उचलला की खाली चष्म्याची रिकामी आकृती उरते आणि ती आपल्याकडं डोळे वटारून बघते. नियम दोनच. एक, दुसऱ्याच्या प्रॉपर्टीला हात लावायचा नाही. दोन, प्रवेशाआधी आपली वस्तू नुसती बघायची नाही, तिला हात लावून घ्यायचा. घाईत डोळा खोटं बोलतो. हात बोलत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

आता वर्गाकडं वळू. मधली सुट्टी झाली की आमच्या वर्गात खोडरबर, डब्यांची झाकणं आणि एकेकट्या चपला अशा पडलेल्या असायच्या की जणू पोरं कुठल्या तरी संकटातून जीव घेऊन पळाली आहेत. कुणालाही विचारा, "गणिताची वही कुठं?" उत्तर एकच: "आईला म्हाईत." पाण्याची बाटली? आईला म्हाईत. काल दिलेला कागद? "आईनं भरलाच न्हाई, सर." म्हणजे शिक्षा करायची झाली तर आईला करा! एकदा एकाला विचारलं, "अरे, तुझा वाढदिवस कधी असतो?" तोही आईलाच माहीत होता.

दोष पोरांचा नव्हता. आमच्याकडं पोराचं दप्तर हे घराचं सामुदायिक कार्य आहे. आई वह्या भरते, चुलती डबा ठेवते, आजी वरून एक काकडी कोंबते आणि चुलता निघताना चेन लावून पाठीवर थाप मारतो. पोरगं मधे उभं असतं, पूजेला बसवलेल्या देवासारखं.

तर मी वर्गातल्या कडाप्प्याच्या फळीवर खडूनं आकृत्या काढल्या. इथं बाटली, इथं डबा, इथं कंपास. शाळा सुटताना प्रत्येकानं आपल्या दप्तरातल्या वस्तूला हात लावायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. पोरांना खेळ म्हणून आवडलं. मग पालकांची सभा बोलावली आणि सांगितलं, घरातही प्रत्येक पोराला एक कोपरा द्या. ट्रंकेचं झाकण असो, खिडकीची फळी असो. तिथं त्याचं तोच ठेवील. दप्तर त्याचं तोच भरील. तुम्ही हात लावायचा नाही.

 मग मागून एक बाई म्हणाली, "आन मग आमी काय करायचं, सर?"

"काही नाही. बघत बसायचं."

"बघत?" तिनं शेजारणीकडं पाहिलं. "बघत बसल्याव हात शिवशिवत्यात की वो."

पहिला आठवडा भीषण गेला. कुणी मराठीच्या तासाला नुसता टॉवेल घेऊन आला. एकानं डबा म्हणून बापाची चुन्याची डबी आणली आणि उघडून माझ्यासमोर धरली, "सर, भाजी लय कमी हाय." मी वर्गभर येरझाऱ्या घालत होतो आणि मोठ्या बाई दारातून मान हलवत होत्या. पण हळूहळू घडी बसू लागली. 'आईला म्हाईत' कमी झालं.

या सगळ्यात एक पोरगी होती. चौथीतली. सावळी, किरकोळ अंगाची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंड असं की समोरच्यानं सांभाळूनच बोलावं. तिला लहान वयातला मधुमेह होता. रोज इन्सुलिनची इंजेक्शनं, बोटाला टोचून रक्तातली साखर बघायची, साखर एकदम उतरली तर ताबडतोब गोड खायचं. सांगलीच्या डॉक्टरांनी तिला आणि घरच्यांना सगळं शिकवलं होतं. मला आणि मोठ्या बाईंनाही बोलावून शिकवलं. पोरीला पेनसारखं ते इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेता येत होतं. पण तिची आई घेऊ देईल तर ना! रोज दुपारी ती रानातून तरातरा यायची, हापशावर हात धुवायची, पोरीला सुई टोचायची, डबा खाऊन होईपर्यंत समोर बसायची आणि परत भांगलणीला जायची. उन्हात, पावसात, ताप अंगात असताना. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी नियमित हजेरी मी कुणाची पाहिली नाही, माझीही नाही.

प्रॉपर्टीचा खेळ या पोरीनं जरा जास्तच मनावर घेतला. घरी जाऊन तिनं तांब्या, पाटा, दुरडी, सगळ्याभोवती खडूनं रेघा ओढल्या. दुपारी आजी पुढच्या सोप्यात जमिनीवर लवंडली होती. ही आजी टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका बघून पक्की झालेली. ती जागी झाली तर अंगाभोवती डोक्यापासून टाचेपर्यंत पांढरी रेघ! आजीनं अशी किंकाळी फोडली की शेजारचे लोक काठ्या घेऊन आले. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शाळेत हजर.

"गुर्जी, मुडद्याभवती काढत्यात तसली रेघ काढली हिनं माज्याभवती! आवं, अजून जित्ती हाय मी."

पोरगी शांतपणे म्हणाली, "तू रोज जागा बदलतीस. मग तुझं पांघरूण सापडत न्हाई तुला."

"बघा! बघा कशी बोलती! हेच शिकिवता व्हय शाळंत?"

मी हसू दाबायला फळ्याकडं तोंड केलं. माझे खांदे हलताना मात्र आजीनं पाहिले असावेत.

गंमत इथपर्यंत. आता गंभीर गोष्ट. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पोरं आष्ट्याला जातात, एसटीनं. या पोरीलाही मैत्रिणींबरोबर तिकडंच जायचं होतं. पण आईला रोज दुपारी आष्टा गाठणं शक्य नव्हतं, आणि पोरीच्या हाती सुई सोपवायला तिचं मन घेत नव्हतं. तिनं ठरवलं होतं की पोरीला कराडला मामाकडं ठेवायचं. मामी दवाखान्यात परिचारिका, घरात दुसरी आजी, शाळा घरासमोर. सगळं बिनधोक. पोरगी मात्र कराडचं नाव काढलं की ताट सरकवायची.

अशात जानेवारीत पाचगणीची एका दिवसाची सहल ठरली. आई म्हणाली, "हिला न्हाई धाडत." पोरगी म्हणाली, "जाणार." दोघी माझ्यासमोर व्हरांड्यात उभ्या.

"मी येकटी करून दावते. समदं. मग मला आष्ट्याला घाल."

"आन कायतरी हुकलं मग?"

"मग कराडला जाईन. गप."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मला कधी नव्हे ते बसावंसं वाटलं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जाऊ द्या, तुम्ही लक्ष ठेवा, गोड पदार्थ जवळ ठेवा. आईनं होकार दिला, पण अट घालून: पोरगी परत आली की जे झालं ते सगळं तिनं सांगायचं. एक गोष्ट जरी हुकली तरी कराड.

सहलीला मी आणखी एक फर्मान काढलं. घाटात उलट्या होतात, तेव्हा पिशवीत गोडधोड, तळकट काही आणायचं नाही. ज्याच्याकडं सापडेल त्याला टेबललँडवर घोड्यावर बसता येणार नाही. हे वाक्य मी असं काही खर्जात म्हटलं की पोरांचे चेहरे पडले. वाया गेलेला नट कुठं तरी बाहेर पडणारच.

पहाटे बस सुटली. पोरगी माझ्या शेजारी, मांडीवर कापडी पिशवी. एका कप्प्यात इन्सुलिनचं पेन, सुया, साखर बघायचं यंत्र. दुसऱ्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं. सगळं तिचं तिनं भरलेलं. दर थोड्या वेळानं तिचा हात पिशवीवरून फिरायचा. माझा तिच्यापेक्षा जास्त वेळा फिरला असता, पण दुसऱ्याची प्रॉपर्टी. मी जादाचा ग्लुकोजचा पुडा आणला होता, तो मोठ्या बाईंच्या पिशवीत दिला होता.

साताऱ्याला नाश्त्याला थांबलो. तिनं बोटाला टोचून साखर बघितली, पेनवरचा आकडा लावला, मला दाखवला, पोटाला सुई लावली. आईशिवाय पहिल्यांदाच. मला घाम फुटला, तिनं चेन लावली आणि म्हणाली, "झालं की." मग पोहे आले. पण समोर मैत्रिणी दंगा करत होत्या, बसच्या खिडकीची जागा जाईल अशी आवई उठली आणि निम्मे पोहे बशीत ठेवून ती पळाली. मी मागून ओरडलो. हॉटेलभर सगळेच ओरडत होते.

वाई मागं पडली, पसरणीचा घाट लागला आणि अर्ध्यात बस थांबली. पुढं कुठं तरी एक ट्रक आडवा झालेला. वर गाड्या, खाली गाड्या. वेळ सरकेना. मी खाली उतरलो, चार पावलं चढलो, चार उतरलो, परत आत आलो, ड्रायव्हरला विचारलं, "किती वेळ?" तो म्हणाला, "मी काय ट्रकमधी बसलोय व्हय, सर?"

जागेवर आलो तर पोरीच्या कपाळावर घाम. बाहेर थंडी, बोचरा वारा, आणि हिला घाम. हात थरथरत होते.

"सर, साखर खाली चाललीय."

तिनं यंत्र काढलं, बोटाला टोचलं.  साखर बरीच उतरली होती. सुई पूर्ण टोचली होती आणि पोहे निम्मेच पोटात गेले होते. तिनं दुसरा कप्पा उघडला. पुडी होती, हाताला लागत होती. काढली, सोडली. आत भाजलेले शेंगदाणे. तितक्याच आकाराची, तितक्याच वजनाची, दोऱ्यानं नीट बांधलेली शेंगदाण्यांची पुडी. बिस्किटांच्या जागी मेथ्यांची पुरचुंडी.

सकाळी देवाला नमस्कार करायला वाकली तेव्हा आजीनं पिशवी धरली होती, ते तिच्या आत्ता ध्यानात आलं असणार. कारण ती एकच शब्द बोलली, "आज्जी."

मी मागं वळून ओरडलो, "बाई, ग्लुकोज!"

मोठ्या बाईंनी पिशवी उलटी करून दाखवली. "अहो, कराडच्या पुढं ते चौघंजण उलट्या करत होते ना... त्यांनाच पाण्यातून दिला. संपला."

मोबाईलला रेंज नाही. टपरी नाही. मी बसच्या मधोमध उभा राहिलो. "पोरांनो, कुणाकडं काही गोड आहे? साखर, गोळी, काहीही?"

 कुणी छताकडं बघतंय, कुणी चपलेकडं.

"माझ्याकडं न्हाई, सर."

"माज्याकडंबी न्हाई, सर. आईशपथ."

आख्ख्या बसमध्ये लाडवांचा वास सुटला होता आणि एकही पोरगं कबूल होईना. टेबललँडवरचा घोडा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उभा होता. मी हात जोडले. पोरं तर आणखीच घाबरली. मास्तर हात जोडतो म्हणजे काय तरी डाव असणार.  तेवढ्यात ती पोरगी सीटला धरून उभी राहिली. जीभ जड झाली होती तरी म्हणालीच.

"सर, तुमी तिकडं तोंड करा."

मी मुकाट्यानं ड्रायव्हरकडं तोंड केलं. आणि पाठीमागं पिशव्यांच्या चेनींचा असा आवाज उठला, जणू पावसाची सर आली. वळून पाहिलं तर तिच्या मांडीवर बाजार भरलेला. रव्याचे लाडू, सोनपापडी, चॉकलेटं, करंज्या, आणि जत्रेतला बत्ताशांचा पुडा. एका पोरानं तर कानटोपीच्या आतून पेढा काढला. मी लाडू उचलून तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं.

"लाडू नगं. तुपाचं उशिरा लागतं. बत्तासं द्या."

ती बत्तासे चावू लागली. मग पाव तास थांबायचं आणि परत बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तो पाव तास मी कसा काढला ते विचारू नका. दारापासून मागच्या सीटपर्यंत मी इतक्या फेऱ्या मारल्या की एका पोराला मला बघूनच उलटी झाली. ती मात्र डोळे मिटून सीटला टेकून बसली होती. परत बोटाला टोचलं. आकडा वर आला होता. तिनं डब्यातली चपाती काढली, सावकाश खाल्ली, आणि मग मैत्रिणीला म्हणाली, "खिडकी माझी हाय, सरक."

सहल झाली. सगळी पोरं घोड्यावर बसली. त्यांना अडवायला तोंड कुठं होतं मला? दुपारी तिनं परत सगळं नीट केलं आणि मी तिच्या ताटातला शेवटचा घास पोटात जाईपर्यंत समोरून हललो नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम असावा.

परतीच्या वाटेवर मात्र माझ्यातला नाटकवाला जागा झाला. आईला काय सांगायचं? खरं सांगितलं तर पोरगी कराडला जाणार, आणि सासू-सुनेचं जे काही होईल ते वेगळंच. मी मनातल्या मनात संवाद रचले. 'सगळं उत्तम झालं. जरा दमलीय एवढंच.' साधं, सहज, पडदा. कराडचे दिवे दिसू लागले तसा मी पोरीच्या कानाशी वाकलो.

"काय सांगणार आहेस आईला?"

"झालं त्ये."

"सगळं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

गावात बस शिरली तेव्हा पाराजवळ सगळं गाव गोळा झालेलं. आई पुढं, आजी मागं. पोरगी उतरली आणि आईनं विचारायच्या आधीच बोलायला लागली. निम्मे पोहे टाकले, ते. घाटात साखर उतरली, ते. पुडीत शेंगदाणे निघाले, ते. सर घाबरले, तेही. ते वगळलं असतं तरी चाललं असतं. मग बत्तासे, मग चपाती, मग परतचा आकडा. आईचा हात तोंडावर गेला.

"शेंगदाणं? कुणी ठिवलं?"

आजी पदर सावरून पुढं आली. अगदी अभिमानानं.

"मीच. आगं, साखरंची दुखणेकरी पोर, आन हिच्या पिशवीत साखरंची पुडी! कुणी तरी चुकून घातली आसंल म्हणून काढली मी. नुस्ती काढली आसती तर पोर उपाशी ऱ्हायली आसती, म्हणून शेंगदाणं घातलं. वाईट केलं व्हय?"

यानंतर सून जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. आजीला आधी राग आला, मग तिचा गोंधळ उडाला, मग ती खालीच बसली. "आमाला काय म्हाईत गं? साखर नगं, साखर नगं, आसंच तर समदी सांगत्यात."

पोरगी तिच्यासमोर उकिडवी बसली. "आज्जे, चूल लय पेटली की तू काय करतीस?"

"लाकूड मागं वडते. पानी मारते."

"त्ये इंजेक्शन. आन पार इझाय लागली की?"

"फुकणीनं फुकते."

"ती साखरंची पुडी म्हंजी फुकणी हाय. तू माजी फुकणीच काढून घेतलीस."

 आजीनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. डॉक्टरांनी काढलेली चित्रं, मी दिलेली भाषणं, सगळं त्या घरात पोचलं होतं, फक्त आजीपर्यंत कुणी आणलं नव्हतं. तिला काय सांगायचं, असं सगळ्यांनी धरलेलं.

आई अजून उभीच होती. मी कराडच्या निकालाची वाट बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. शेवटी मीच तोंड उघडलं, "ताई, चूक तिची..."

"थांबा, सर." ती पोरीकडं वळली. "पिशवीतलं सामान घरात बदललं न्हवं?"

"व्हय."

"बसमधी पिशवीला कुणी हात लावला न्हाई?"

"न्हाई."

"म्हंजी घात झाला तो घरात. माझ्या डोळ्यांदेखत. बाहेर तू सावरलंस." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "मग कराडला धाडून काय उपेग? तिथंबी घरच हाय. तिथंबी एक आज्जी हाय. मायेनं कुणी ना कुणी हात घालणारच."

पोरीचा हात पिशवीवर गेला.

"आष्ट्याला जा. पर पोहं टाकून उठलीस तर तंगडं मोडीन."

बसमधली पोरं ओरडली. कशाबद्दल ते निम्म्यांना कळलंही नव्हतं. आजी मात्र खालूनच म्हणाली, "आन माज्याकडं कायबी काम नगं व्हय मग? मी नुस्ती बघत बसू?" पोरीनं जरा विचार केला. जादाची पुडी आजीच्या बटव्यात राहील, आणि ती जुनी झाली की बदलायची कामगिरी आजीचीच, असं तिथंच पारावर ठरलं. आजी जी ताठ झाली ती काय सांगू!

फेब्रुवारीपासून पोरगी शाळेत दुपारची सुई आपली आपण घेऊ लागली. आई सुरुवातीला कुंपणाबाहेरून बघायची, मग दिवसाआड, मग फाटकापर्यंत येऊन परत जायची. एप्रिलमध्ये आम्ही चौथीला निरोप दिला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी माझी एसटी गावात पोचली तेव्हा आष्ट्याला जाणारी बस समोरच उभी होती. पोरगी नव्या गणवेशात, नवी पिशवी, मैत्रिणींच्या गराड्यात. चढताना तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. आई थांब्यावरच्या शेडच्या खांबाशी उभी होती. बस हलली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली. आई तिथंच.

मी जवळ गेलो. "गेली?"

"गेली." ती रस्त्याकडं बघत होती. "सर, आता बारा वाजता मी काय करू वो?"

 नव्या नटाला पहिल्यांदा रंगमंचावर उभं केलं की तो एकच प्रश्न विचारतो: हातांचं काय करू? संवाद पाठ असतात, जागा माहीत असते, पण हे दोन हात कुठं ठेवायचे ते कळत नाही. तिचं तसंच झालं होतं. एकदा पदर धरला, एकदा खांब धरला, मग नुसतेच खाली सोडले.

मी माझी पिशवी तिच्यापुढं केली. "ताई, जरा धरता? चपलेचा पट्टा निघालाय." माझा पट्टा काही निघाला नव्हता. मी खाली वाकून उगीच चाळवाचाळव करत राहिलो.

वरून आवाज आला, "आवं सर, ह्ये काय? डबा आडवा, पानी सांडलंय, चष्म्याव चाव्या. इस्कटलंय की समदं." तिनं पिशवी शेडच्या कट्ट्यावर ठेवली, डबा बाहेर काढला, पदरानं पुसला, चष्मा वेगळ्या कप्प्यात सरकवला. मी पट्ट्याशी आणखी थोडा वेळ घालवला.